सुकतीची वेळ

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. सांगायला माणसं नव्हती असं नाही — मावसबहिणी आहेत, शाळेपासूनची मैत्रीण आहे, आणि आमच्या वाडीत तर न विचारता ऐकून घेणारे भरपूर. पण दर वेळी गोष्ट ओठांपर्यंत यायची आणि मी भलतंच काहीतरी बोलून मोकळी व्हायचे. तुमचा चेहरा मला दिसत नाही, म्हणून आज जरा सोपं जातंय. तरी एकदम मुद्द्यावर येईन असं समजू नका. तेवढं धाडस असतं तर ही गोष्ट घडलीच नसती.

आधी मशीनबद्दल सांगते.

मालवणातल्या एका तंत्रशाळेत मी प्रयोगशाळा सहायक होते. काम काय, तर मुलांना वायरी मोजून द्यायच्या, मोजून परत घ्यायच्या आणि कपाटांना कुलपं लावायची. तिथे मायक्रोप्रोसेसरची जुनी किट होती — पाटीएवढा हिरवा बोर्ड, खाली कळा, वर सहा लाल आकडे. नवी आली तेव्हा जुनी मोडीत निघाली. त्यातलं एक, ज्याच्या दोन कळा अडकायच्या, ते मी सरांना विचारून रीतसर घरी आणलं. सर म्हणाले, काय करणार याचं? मी म्हटलं, शिकणार. कशासाठी शिकणार, ते मलाही माहीत नव्हतं. बढती मिळणार नव्हती, कुणी शाबासकी देणार नव्हतं. मुलं प्रयोग करायची तेव्हा मी दाराशी उभी राहून बघायचे, आणि मला वाटायचं — हे मलाही यायला हवं. एवढंच.

असेंब्ली भाषा म्हणतात तिला. मशीनला एकेक पाऊल सांगावं लागतं. हा आकडा इथून उचल, तिथे ठेव, त्यात हा मिळव, शून्य झाला का बघ, नसेल झाला तर मागे जा. तिला गुणाकार येत नाही, भागाकार येत नाही. आकडे ठेवायला आत सात जागा — मिसळणाच्या डब्यात सात वाट्या असतात ना, तशा — आणि बेरीज म्हणाल तर त्यातल्या एकाच वाटीत. वहीत डावीकडे आज्ञा लिहायची, पुस्तकामागच्या तक्त्यात तिचा आकडा शोधायचा, तो उजवीकडे लिहायचा, आणि मग ते सगळे आकडे एकेक करून कळांनी आत भरायचे. सात-सहा म्हणजे थांब. ही आज्ञा मला फार आवडायची. वीज गेली की भरलेलं सगळं पुसलं जायचं, आणि आमच्याकडे वीज जायला निमित्त लागत नाही. मग पुन्हा पहिल्यापासून.

तुम्हाला हे रटाळ वाटेल. मला नाही वाटायचं. रविवारी सकाळी मी पडवीत बसायचे. खाडीवरचं धुकं अंगणापर्यंत यायचं, माडांचे नुसते शेंडे दिसायचे, पलीकडच्या होडीतलं बोलणं ऐकू यायचं पण माणूस दिसायचा नाही, आणि माझ्या मांडीवर ते सहा लाल आकडे. मालवणच्या एसटीत खिडकीशी बसून मी मनातल्या मनात या वाटीतलं त्या वाटीत करायचे. कंडक्टरला दोनदा तिकीट मागावं लागायचं. मी पंचविशी उलटलेली, लग्नाचं बोलणं दोनदा फिसकटलेली बाई, आणि तरी त्या दिवसांत मी इतकी सुखात होते की कधी कधी मलाच हसू यायचं.

आता तात्या. तात्या म्हणजे माझे वडील. आई मी कॉलेजात असताना गेली, घरात आम्ही दोघंच. तात्या उमेदीत रापणीवर होते — सगळ्या वाडीने मिळून किनाऱ्यावरून ओढायचं ते मोठं जाळं. पुढे ओढायची ताकद गेली, पण पाण्याची जाण गेली नाही. रोज सकाळी ते अंगणाच्या टोकाला, खाडीत उतरणाऱ्या पायऱ्यांवर जाऊन उभे राहायचे. कितवी पायरी ओली, कितवी सुकली, वारा कुठला, पाण्याला रंग कसा — काय काय बघायचे देव जाणे. तेवढ्यात कालवं — कातळाला चिकटलेले धारदार शिंपले — काढायला जाणाऱ्या बायका कुंपणापलीकडून विचारायच्या, "तात्यानू, आज सुकती कितक्याक?" सुकती म्हणजे ओहोटी. तात्या जराही न अडखळता सांगायचे, "नवाक. पण सव्वानवाक फिराक लागात हां." आणि पाणी सव्वानऊला फिरायचं.

तुम्ही किनाऱ्यावरचे असाल तर तुम्हाला माहीत असेल — तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. तात्यांनीच मला लहानपणी बोटांवर शिकवलं होतं. एके दिवशी पडवीत बसल्या बसल्या माझ्या डोक्यात आलं — आकडा स्वतःत दोनदा मिळवला की तिप्पट होतो. मग तो दोनदा अर्धा केला की झाला पाऊणपट! मशीनला गुणाकार येत नसला म्हणून काय झालं? त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. मी तीन आठवडे खपले. आणि एका सकाळी त्या लाल आकड्यांत ओहोटीची वेळ उमटली. मी इतक्या जोरात ओरडले की तात्या धावत आले. त्यांना वाटलं, विंचू चावला.

वेळ चुकीची होती.

म्हणजे पाऊणपट बरोबर होती. कॅलेंडरात बघून मी घातलेली तिथी बरोबर होती. पण आमच्या खाडीला कॅलेंडर कुठे ठाऊक? तिच्या तोंडाशी वाळूचा दांडा होता, त्याला वळसा घालून पाणी आत यायचं आणि तसंच रेंगाळत बाहेर जायचं. कधी पाऊण तासाचा फरक, कधी अर्ध्या तासाचा. तात्या म्हणायचे ती वेळ खरी, माझ्या मशीनची खोटी.

मग मी काय केलं? — इथेच माझी पहिली चोरी आहे. मशीनच्या आत वीस-पन्नास क्रमांकाची एक जागा होती. तिच्यात मी एक लहानसा आकडा ठेवायला लागले, फरक किती पाव तासांचा तो. तीन म्हणजे पाऊण तास. आणि तो आकडा मी कुठून आणायचे? सकाळी तात्या पायऱ्यांवरून बायकांना वेळ सांगायचे, ती मी आतून कान देऊन ऐकायचे. मग वीस-पन्नासमध्ये योग्य तो आकडा भरायचे, आणि पाच मिनिटांनी किट उचलून खिडकीत ठेवायचे. बायका बघायच्या, मशीनही तेच सांगते जे तात्या सांगतात! वाडीत बोलबाला झाला. शेजारची कुसुमकाकी तर येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवायची. तंत्रशाळेतले सर एका रविवारी मुद्दाम आले, त्यांनी वही चाळली, मान डोलावली. वहीत प्रत्येक आज्ञेपुढे मी बारीक अक्षरात खुलासा लिहिला होता, ही ओळ कशासाठी, ती कशासाठी. वीस-पन्नासच्या ओळीपुढे मात्र कोरं ठेवलं होतं. सरांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

तुम्ही म्हणाल, एवढंच ना? बापाचं ऐकून मशीनला सांगितलं, यात कसलं पाप? मीही स्वतःला तेच म्हणत होते. पण मग तात्यांच्या चेहऱ्याकडे बघवेनासं झालं. ते माझ्याकडे बोट करून मोठ्या अभिमानाने सांगायचे, "माझ्या चेडवान केल्यान ता. पायरेर जावक नको, पाणी बघूक नको, घरात बसान सगळा कळता." बायकांनी विचारलं की म्हणायचे, "माका काय इचारतास? त्या मशिनीक इचारा." पन्नास वर्षांची त्यांची जाण, आणि त्यांना वाटत होतं की ती मी एका पाटीवर मांडून दाखवली आणि वर त्यांच्याहून बरी. मी ते वाटू दिलं. मला ते आवडत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

दोनेक वर्षं गेली. तात्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला. पायऱ्यांवर शेवाळं, त्यात दिसेना, तेव्हा त्यांनी खाली जाणं हळूहळू सोडलं. सकाळी उठून पडवीत यायचे, खुर्चीत बसायचे आणि विचारायचे, "शुभा गो, मशीन काय म्हणता?"

आणि मी आत उभी असायचे, कान देऊन — ते काय म्हणतात याची वाट बघत.

कसं सांगू तुम्हाला ते? ते माझ्या मशीनला विचारत होते आणि माझी मशीन त्यांना. धुकं असायचं, चहा उकळत असायचा, आणि आम्ही दोघं बापलेक एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसायचो. त्यांना वाटायचं मी मोजतेय. मी मग वीस-पन्नासमध्ये कालचाच आकडा राहू द्यायचे, तीन, आणि जे उमटेल ते वाचून दाखवायचे. तात्या तेच कुंपणापलीकडे ओरडून सांगायचे. खाडीकडे कुणीच बघत नव्हतं. पुष्कळ दिवस ते चाललं, कारण दांडा जागेवर होता आणि तीन हा आकडा बरा होता. मी स्वतः चार पायऱ्या उतरून बघितलं असतं तर? चारच पायऱ्या. पण मशीन शिकताना मला जी हौस होती, ती पाण्याकडे बघण्याची नव्हती.

त्या वर्षी पावसाळा दणकून झाला. आंबोलीकडचं पाणी नद्यांना आलं, आमची खाडी दोनदा अंगणाला लागली. पाऊस सरल्यावर बायका पहिल्यांदाच कालवांना निघाल्या तो दिवस षष्ठीचा होता. तात्यांनी खुर्चीतून विचारलं, "मशीन काय म्हणता गो?" मी तिथी घातली, कळ दाबली, वाचून दाखवलं, सव्वाअकरा. तात्यांनी बायकांना सांगितलं, सव्वाअकरा. बायका पाट्या आणि कोयत्या घेऊन खडपांवर गेल्या. खडप म्हणजे खाडीच्या मधोमध ओहोटीला उघडे पडणारे कातळ. कुसुमकाकी नेहमीप्रमाणे सगळ्यांत लांबच्या खडपावर.

पावसात वाळूचा दांडा वाहून गेला होता. खाडीचं तोंड मोकळं झालं होतं, पाणी आता न रेंगाळता सरळ आत येत होतं. पाऊणपट सांगते त्याच वेळी, साडेदहाला, ते फिरलं.

बाकीच्या बायका गुडघाभर पाण्यातून परतल्या. काकी खाली मान घालून कालवं फोडत होती, तिला उशिरा कळलं. मधल्या पात्रात तिला छातीच्या वर पाणी लागलं. पाटी गेली, कोयती गेली, आणि धडपडत येताना कालवांच्या कडांनी तिचा पाय टाचेपासून घोट्यापर्यंत फाटला. तिला हातांवर धरून आमच्याच अंगणात आणलं, कारण आमचं घर पहिलं. मी पायाला फडकं बांधलं. फडकं भिजलं, दुसरं बांधलं. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, वीस-पन्नास. मला त्याच क्षणी कळलं होतं काय झालंय ते.

कुसुमकाकी पडवीच्या कट्ट्यावर टेकून तात्यांना म्हणाली — रागाने नाही, नुसतीच नवल वाटून — "तात्यानू, सव्वाअकरा म्हटलास मां? पाणी साडेधाकच फिरलां."

कुणीतरी खिडकीतल्या किटकडे बघितलं. अजून त्यावर सव्वाअकरा लाल दिसत होते. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

हीच ती जागा. इथे मी सांगू शकले असते.

मी म्हटलं, "मशीन बरोबर असा. तिथी तात्यांनी सांगितली, तीच मी घातलंय. सप्तमी."

एक वाक्य. आधी ठरवलेलं नव्हतं, पण किती बेमालूम निघालं बघा. सप्तमीची पाऊणपट केली तर ओहोटी सव्वाअकरालाच येते. कुणी बोटं मोजली असती तरी बरोबरच ठरलं असतं. माझं डोकं तेवढ्या क्षणात हे गणित करून मोकळं झालं होतं. कुणीतरी आत जाऊन कॅलेंडर बघून आलं, आज षष्ठी. आणि सगळ्यांना उमगलं, म्हाताऱ्याने शेजारचा चौकोन वाचला. डोळे गेले बिचाऱ्याचे.

तात्या माझ्याकडे बघत होते. त्या डोळ्यांना माझा चेहरा कितपत दिसत होता, मला ठाऊक नाही. मग हळू म्हणाले, "माझ्याच तोंडान चुकीचां गेलां आसतलां. माका आता आठवणा नाय." आणि खुर्चीतून उठून, चाचपडत, कुसुमकाकीच्या पायाशी जाऊन बसले.

काकीने त्यांचा हात धरला. "मनाक लावन घेव नकात," म्हणाली. पाय फाटलेली ती, आणि समजूत त्यांची घालत होती. मी फडकं पिळत बाजूला उभी होते.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी वीस-पन्नासमध्ये तीनच्या जागी शून्य भरलं. दुसऱ्या दिवशी मशीनने सांगितलेल्या वेळेवर पाणी फिरलं. वाडीतले म्हणाले, बघा, मशीन कधी चुकत नाही. हे तात्यांच्या समोर म्हणाले.

त्यानंतर तात्यांनी कुणाला सुकतीची वेळ सांगितली नाही. कुणी सवयीने विचारलंच तर म्हणायचे, "माका इचारू नकात, मी चुकतंय." हळूहळू बाकीचंही सांगेनासे झाले — वारा कुठला, पाऊस येईल का, रापण आज टाकावी का. हिवाळ्यात मी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आणलं. डोळे लख्ख झाले. मला वाटलं, आता पायऱ्यांवर जातील. गेले नाहीत. खुर्ची त्यांनी फिरवून घेतली होती, तोंड घराकडे, पाठ खाडीकडे. तशीच ठेवली.

आणि एक सांगायचं राहिलं. त्या हिवाळ्यानंतरच्या उन्हाळ्यात मी एकदा लवकर घरी आले. तात्या भिंतीशी उभे होते. आमच्याकडे नवं कॅलेंडर जुन्याच्या वर त्याच खिळ्याला लटकवतात. त्यांनी नवं वर उचलून धरलं होतं, खालच्या जुन्याची पानं उलटली होती, आणि एका चौकोनावर बोट ठेवून दुसऱ्या हाताच्या पेरांवर काहीतरी मोजत होते. मी उंबऱ्यात थांबले. माझी चाहूल लागली तसं त्यांनी कॅलेंडर सोडून दिलं, नीट सरळ केलं, आणि म्हणाले, "आलंस? चाय ठेव गो मगे."

त्यांना काय आठवलं होतं? सप्तमी आपण म्हटलीच नव्हती, हे? की आपली पोर खोटं बोलली, हे त्यांना त्या अंगणातच कळलं होतं आणि त्यांनी ते अंगावर घेतलं? मी चहा ठेवला. आम्ही दोघांनी तो प्यायला. पुढची चार-पाच वर्षं आम्ही रोज एकत्र चहा प्यायलो, आणि त्यातला कुठलाही दिवस चालला असता. गेल्या वर्षी ते गेले. आदल्या आठवड्यापर्यंत शुद्धीवर होते, बोलत होते, मी उशाशी होते. तेव्हाही नाही सांगितलं.

कुसुमकाकी अजून त्या पायाने जरा लंगडते. तिलाही सांगितलेलं नाही. किट कपाटात आहे. बटण बंद केलं की मशीन सगळं विसरते, तिला काहीच माहीत नाही. वही मात्र आहे, आणि वहीत ती ओळ, पुढे कोरी.

मी घाबरले होते, असं म्हणता आलं असतं. पण मी घाबरले नव्हते. मला माझी मशीन चुकलेली नको होती, आणि समोर तात्या होते.

त्या सकाळी तात्यांनी मला तिथी सांगितली नव्हती. त्यांनी मला वेळ विचारली होती.